उजवीकडची काच

बसूच्या हातून पहार निसटली
आणि उजव्या दाराची काच
एका शब्दात खाली बसली.
जाड्या मिठासारखे खडे.
सीटवर, गिअरच्या बुडाशी, माझ्या चपलेत.
बसू गदगकडचा, एकोणीस वर्षांचा.
म्हणाला, हजेरीतून कापा.
मी म्हटलं, आधी चिरे भर.

पाच दिवस खताची पिशवी चिकटवून हाकला टिप्पर.
रिवण ते कुडचडे, कानाशी
कोंबडी धरून ठेवल्यासारखी फडफड.
आरसा दिसावा म्हणून पिशवीला भोक पाडलं,
तर त्यातून लाल धूळ थेट डोळ्यात.

इनास म्हणाला, कंपनीची काच विसर, पात्रांव.
हे मॉडेल आता कंपनीलाच आठवत नाही.
सावर्ड्याच्या पुढे भंगारात बघू.

तिथे उभे आहेत ते,
खाण बंद पडली त्या सालापासून.
टायर गेलेले, बॅटऱ्या गेलेल्या,
हौद्यात घाणेरी माजलेली, तिला फुलंसुद्धा.
इनासने सात दारं उघडली. आठव्याची काच शाबूत.
नखाने वाजवून बघितली,
बायका मडकं घेताना वाजवतात तशी.
रझाक आठशे म्हणाला. पाचशेवर मिटलं,
वर दाराची एक मूठ फुकट.

हँडल काढलं, तीन स्क्रू, मग पुठ्ठा.
दाराच्या पोटात जुन्या काचेचा ढीग.
इनास रंगाच्या ब्रशने झाडत राहिला,
ओंजळभर, मग अजून ओंजळभर.
हात घालू नको म्हणाला
आणि स्वतःच घातला.
रबराला साबणाचं पाणी लावलं,
काच तिरकी सोडली, वळवली,
खाली कुठेतरी टक झालं.
फिरव, म्हणाला.
मी फिरवलं. काच वर येऊ लागली,
आणि सगळ्यात आधी, वरच्या कोपऱ्यात,
कोरलेले आकडे:
चार चार एक सात.

मला कुणी सांगायला नको होतं.
अकरा वर्षं रांगेत माझ्या पुढेच असायचा तो आकडा,
काट्यावर, धक्क्यावर, धुरळ्यात.
जानू वेळीपचा.
एकदा मध्ये घुसला म्हणून मी त्याला आईवरून बोललो,
आणि तिसऱ्या दिवशी
त्याच्याच डब्यातलं सुंगटांचं हुमण ओरपलं.
पुढे हप्ते थकले, बँकेने गाडी ओढून नेली,
एवढंच कानावर.

इनासला विचारलं, घासून जाईल का हा नंबर?
जाईल, म्हणाला. काचही जाईल.

मार्च संपत आलेला. तिळामळचा तिठा,
काजूच्या भट्टीचा आंबूस वास,
आणि जानू.
एटीएमच्या राखणदाराचा निळा शर्ट, हातात पावांची पिशवी.
मला बघून आला
आणि मग मला सोडून काचेकडेच बघत राहिला.
"सुलटा आहे की," म्हणाला.
मला कळेना.
"आतून कायम उलटा वाचला. सात एक चार चार.
बाहेर उभं राहून कधी बघितलाच नाही."
थोड्या वेळाने: "खालच्या कोपऱ्याला टवका होता."
आहे, मी म्हटलं. रबरात जातो. दिसत नाही.
"हां. दिसत नाही."
अंगठा थुंकीने ओला करून
त्याने एकावरची धूळ पुसली.
नुसत्या एकावरची.

चिऱ्यांचा भाव विचारला. सांगितला.
महाग, म्हणाला, आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली.
येतोस? नको. ड्युटी.

उकाडा मरणाचा होता.
काच चार बोटं उघडी, तेवढीच.
पूर्ण खाली केली असती तर आकडा दारात बुडाला असता,
आणि तो आरशात अजून उभा होता.

केप्याच्या वळणावर बसू म्हणाला,
काच उघडत का नाही? अडकली काय?
हो, म्हटलं.
अडकली.